शहर पडल्यानंतरची तीन बटणं

'रोम: टोटल वॉर' या २००४ सालच्या खेळात शहर पडलं की पडद्यावर तीन बटणं येतात. पहिलं, नुसता ताबा घ्या. दुसरं, निम्म्या रहिवाशांना गुलाम करून आपल्या इतर शहरांत वाटून टाका. तिसरं, कत्तल. तिजोरीत काय पडणार आणि शहरात माणसं किती उरणार, हा सगळा हिशेब. खेळ कशालाच नाक मुरडत नाही. खेळणाऱ्याला घाई किती आहे, यावर बहुतेक वेळा बटण ठरतं.

या घाईवरूनच प्राचीन जगाच्या युद्धखेळांचं वेड असणाऱ्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सुरुवातीलाच तुटून पडा, शेजारी उठून बसायच्या आत संपवा. दुसरा म्हणतो, आधी घर सावरा, रस्ते बांधा, एकेक शहर पचवा आणि मग पुढचा घास घ्या. दुसऱ्या तटातल्या लोकांना आपण जरा जास्त सभ्य आहोत असंही वाटत असतं. मी दुसऱ्या तटातला.

म्हापशाचा माझा आतेभाऊ बाबल पहिल्यातला. आम्ही दोघं एकच रोमन घराणं घेतो, बहुधा स्किपिओंचं, इसवी सनपूर्व २७० पासून आपापल्या घरी मोहीम सुरू करतो आणि अधूनमधून तारखा ताडून बघतो. एक चाल म्हणजे सहा महिने, एक उन्हाळा किंवा एक हिवाळा. बाबल फोनवर खेळतो. म्हापसा-पणजी शटलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर पर्वरी येईपर्यंत त्याचं एखादं शहर घेऊन होतं. मी कॅपुआत रस्ते नि बंदर बांधत असतो, तेव्हा त्यानं सिराक्यूज घेऊन सिसिली साफ केलेली असते आणि त्याची गलबतं कार्थेजच्या किनाऱ्याला लागलेली असतात.

त्याच्या पद्धतीत मूर्खपणा काहीच नाही, हे आधी सांगून टाकतो. सुरुवातीला सगळेच दुबळे असतात. बहुतेक शहरांना लाकडी कुंपण, आत तीन-चार तुकड्या. दगडी तट उभे राहायच्या आत पोचलात तर वेढा लांबवावा लागत नाही. बाबल म्हणतो, "दादा, तू वाट बघतोस ती दोघांसाठी बघतोस. तुझं शेत पिकतं तसं त्याचंही पिकतं." आणि जे शहर पाचव्या चालीला हाती येतं ते पुढच्या सगळ्या चाली महसूल देत राहतं, पन्नासाव्या चालीला घेतलेल्या शहरानं ती मधली कमाई शत्रूला दिलेली असते. तो बांधकामावर पैसा घालत नाही. सरदारासोबत घोडदळ, वाटेत मिळतील ते भाडोत्री सैनिक, आणि पुढचं शहर मागच्या शहराच्या लुटीवर. मागे बंडाळी झाली तर? होत नाही, कारण तो तिसरं बटण दाबतो. माणसंच उरली नाहीत तर शिबंदीही थोडी पुरते. त्याचा वेग असा स्वतःचा खर्च स्वतः काढतो.

हे वेड लागलं ते फोंड्यातल्या एका सायबर कॅफेत, 'एज ऑफ एम्पायर्स'वर. १९९७ चा खेळ, अश्मयुगापासून लोहयुगापर्यंत चार युगं. दुसऱ्या युगात जायला ५०० अन्न लागायचं, तिसऱ्यात जायला ८००. मी बोरं तोडत, हरणं मारत ५०० करायचो आणि लगेच ८०० च्या मागे लागायचो. बाबल ५०० वर थांबायचा, कुऱ्हाडवाले काढायचा आणि माझ्या बोरीच्या झुडपापाशी येऊन माझे गावकरी कापायचा. त्या खेळात एक पुरोहित होता. हात वर करून तो काहीतरी चमत्कारिक मंत्र म्हणायचा आणि समोरचा लाल सैनिक निळा व्हायचा. मला तो पुरोहित भारी आवडायचा. कुऱ्हाडीपेक्षा बरं ना, असं वाटायचं. रक्त नाही, प्रेत नाही, माणूस तोच, फक्त रंग बदलला.

वेग की संथपणा असा वाद निघाला की दोन दाखले ठरलेले. एका बाजूला अलेक्झांडर: इसवी सनपूर्व ३३४ मध्ये आशियात उतरला, ३२६ मध्ये बियासच्या काठी सैन्य पुढे जाईना म्हणून फिरला, ३२३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी बॅबिलोनमध्ये मेला आणि त्याच्या सरदारांनी राज्याच्या चिंध्या केल्या. दुसऱ्या बाजूला रोम: हळू चढलं, शतकानुशतकं टिकलं. पोरांना सांगायला सोयीची गोष्ट आहे. तिच्यातला संथपणा मात्र जरा जवळून बघावा.

रोमच्या उत्तरेला वेई नावाचं एट्रुस्कन शहर होतं. अंतर म्हापसा-पणजीपेक्षा थोडंसंच जास्त. ते पडलं इसवी सनपूर्व ३९६ मध्ये, म्हणजे परंपरेनं मानलेल्या रोमच्या स्थापनेनंतर साडेतीनशे वर्षांनी. बाबलला हे सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. त्याच्या हिशेबानं हे शटलच्या पहिल्या स्टॉपचं काम. पण ही साडेतीनशे वर्षं रोम काही शेती बघत बसलं नव्हतं. जानुसच्या देवळाचे दरवाजे शांतता असली की बंद करायचे असा तिथला रिवाज. पहिल्या कार्थेज युद्धानंतर, इसवी सनपूर्व २३५ मध्ये, ते एकदा बंद झाले. त्यानंतर ऑगस्टसनं लावून घेतले ते थेट इसवी सनपूर्व २९ मध्ये. दोनशे वर्षं दार उघडं! दरवर्षी नवे दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडून यायचे आणि प्रत्येकाला आपल्या एका वर्षात काहीतरी जिंकून दाखवायचं असायचं. म्हणजे घास लहान, पण जेवण कधी थांबलंच नाही. नकाशावर जो संथपणा दिसतो तो रोमच्या शेजाऱ्यांना संथ वाटला असेल, असं मला वाटत नाही.

मग रोमचं वेगळेपण कशात? तर पडलेल्या शहराचं काय करायचं, यात. इसवी सनपूर्व ३३८ मध्ये लॅटिन शहरांचं बंड मोडल्यावर रोमनं सगळ्यांना एका मापानं मोजलं नाही. कुणाला पूर्ण नागरिकत्व, कुणाला मतदानाशिवायचं, कुणाशी नुसता तह. कायदे, पंचायती बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्याकडे. रोमला हवे होते फक्त सैनिक. म्हणून २१६ मध्ये कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं रोमचं सैन्य कापून काढलं तरी कॅपुआसारखी काही शहरं फुटली, पण लॅटिन वसाहती जागच्या हलल्या नाहीत. हॅनिबल पुढे दशकभर इटलीत फिरत राहिला आणि रोम नवनवी सैन्यं उभी करत राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या लावलेली शिबंदी अशी एका वाईट दिवसात कामाला येते. आमच्या तटाचं सगळ्यात भक्कम उदाहरण हेच.

आता हाच संथपणा आणखी चार-पाच शतकं पुढे चालू द्या. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लोकांची स्वतःची भाषा होती, स्वतःचे देव होते. ती भाषा बोलणारं आज कुणी नाही. तिथे लॅटिनची लेक बोलली जाते. उलट अलेक्झांडर वादळासारखा इराणातून गेला, इराणी सुभ्यांची व्यवस्था जवळपास होती तशी ठेवली, वर आपली माणसं बसवली. इराण इराणच राहिला. पोरसशी झालेली त्याची लढाईसुद्धा आपल्याला ग्रीक-रोमन लेखकांकडूनच ऐकावी लागते; इकडच्यांनी ती लिहून ठेवण्याइतकीही दखल घेतलेली दिसत नाही. घाईत असलेल्या विजेत्याला तुमचं घर बदलायला वेळ नसतो. ज्याच्याकडे वेळ असतो तो घरात राहायला येतो.

याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. चीनच्या छिन राज्यानं इसवी सनपूर्व २३० ते २२१ या दशकात सहा राज्यं गिळली आणि लगोलग लिपी, वजनं-मापं, गाड्यांच्या कण्यांची लांबीसुद्धा एक केली. घाईही केली आणि घरही बदललं. पंधरा वर्षांत राजवट कोसळली. तिची घडी मात्र मागून आलेल्या हान राजघराण्यानं अंगाला लावून चारशे वर्षं वापरली. बाबलला हे उदाहरण आवडत नाही. त्याच्या मते छिनचा खेळाडू शेवटच्या चालीला कंटाळून उठून गेला आणि दुसऱ्यानं सेव्ह केलेला डाव उघडला.

खेळात माझ्या संथपणाचं काय होतं ते सांगतो. कार्थेज घेतलं. पहिलं बटण दाबलं, कुणाला मारलं नाही. तरी लोक नाखूश: राजधानी लांब, संस्कृती वेगळी. शहराच्या माहितीत असंतोषाची कारणं चित्रांनी दाखवलेली असतात; त्यात परक्या संस्कृतीचं चित्र सगळ्यात चिवट. ते कमी करायचा रुळलेला उपाय म्हणजे इमारतींच्या यादीतून बाल किंवा तानित या तिथल्या देवतांचं देऊळ निवडायचं, पाडायचं, आणि त्याच जागी आपल्या घराण्याचं सॅटर्नचं नाहीतर नेपच्यूनचं बांधायला घ्यायचं. पाडायला क्षण पुरतो, वर थोडे पैसेही परत मिळतात. बांधकाम संपलं की असंतोष उतरायला लागतो. बाबलच्या मोहिमेत ही पायरीच येत नाही. त्याच्या शहरांत निम्मी देवळं जुनीच असतात, कारण नवी बांधण्याइतका वेळ तो कुठे थांबतच नाही.

संथ खेळाडूचं दुसरं दुखणं बकालपणाचं. शहर वाढलं, चोवीस हजारांच्या पुढे गेलं की बकालपणा इतका वाढतो की कुठलंच देऊळ, कुठलेच खेळतमाशे पुरत नाहीत. त्यावर माझ्यासारख्या शांतताप्रिय लोकांमध्ये एक युक्ती सर्रास चालते. कर वाढवायचा, शिबंदी बाहेर काढायची, शहराला मुद्दाम बंड करू द्यायचं. मग परत घ्यायचं आणि तिसरं बटण. लोकसंख्या खाली, बकालपणा खाली, पुढची बरीच वर्षं निवांत. पद्धतशीर, शांत डोक्यानं, हिशेब मांडून. बाबलची कत्तल तरी लढाईच्या धुमश्चक्रीतली असते.

बकालपणा म्हणजे काय, हे गोव्यात राहणाऱ्याला खेळानं शिकवायला नको. जुनं गोवें भरभराटीला आलं, साथींनी पोखरलं, विजरई, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधी, १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. खेळातही राजधानी हलवता येते. नकाशाच्या मध्यावर नेली की लांबच्या शहरांचा असंतोष उतरतो.

आणि आपला नकाशा तर या वादासाठीच काढल्यासारखा आहे. १५१० च्या सुरुवातीला पोर्तुगीज सेनानी आल्फोन्सो द आल्बुकेर्क तिमय्या या इथल्याच सरदाराच्या सांगण्यावरून मांडवीत शिरला आणि गोवा फारशी लढाई न होता हाती आला. वेगवान मोहिमेचा याहून चांगला नमुना नाही. मे महिन्यात आदिलशहा सैन्य घेऊन आला. पोर्तुगीज जहाजांवर चढले, पण तोवर पावसाळा लागला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूची बार आणि बाहेर खवळलेला दर्या. बाहेर पडता येईना. किनाऱ्यावरून तोफा, जहाजांत उपासमार, अशा स्थितीत तो पावसाळा त्यांनी नदीतच काढला. मोसम पालटल्यावर ते निसटले आणि २५ नोव्हेंबरला परत येऊन त्यांनी शहर घेतलं, ते ४५१ वर्षांसाठी. खेळात पावसाळा घालायला हवा, असं मला कैकदा वाटतं. एका हिवाळ्याच्या चालीत सैन्य थोडं सावकाश चालण्यापेक्षा तो बरंच काही शिकवेल.

पुढचा डाव मात्र संथ. १५४३ मध्ये बार्देस आणि सासष्टी आली आणि तिथेच थांबले. तिसवाडी, बार्देस, सासष्टी: आजच्या गोव्याचा जेमतेम चौथा हिस्सा, ही जुनी काबिजाद, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. फोंडा त्यांना मिळाला तो १७६३ मध्ये. तिथून १७८८ मध्ये पेडणे येईपर्यंत, पंचवीसेक वर्षांत, डिचोली, सत्तरी आणि इतर महाल मिळून नवी काबिजाद. म्हणजे पाऊण गोवा झटपट, पाव गोवा दोन-सव्वादोनशे वर्षं मुठीत.

कुठे काय झालं ते आपल्याला पाठ आहे. जुन्या काबिजादीत महसूल देणारी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, त्यांनी राखली, १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, तिचे रिवाज लिहून घेतले. खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांचे, बांध आणि मानशी (पाण्याची दारं) सांभाळणारी ती यंत्रणा मोडली असती तर भात कुठून येणार? देवळं मात्र पाडली. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. सगळे नदीपार अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, जिथे तेव्हा आदिलशाही होती. दोनशे वर्षांनी तोच अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेला तेव्हा धर्म आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असं त्यांना कबूल करावं लागलं. देव जागच्या जागी राहिले. मी फोंड्याचा. सकाळी कामावर जाताना म्हार्दोळच्या दीपस्तंभावरून जातो. आदल्या रात्री कार्थेजमध्ये तानितचं देऊळ पाडून नेपच्यूनचं बांधायला लावलेलं असतं. अपराधाची भावना वगैरे काही नाही. खेळ तो खेळ. पण हे बटण संथ खेळाडूचं आहे, घाईवाल्याचं नाही, एवढं त्या रस्त्यावर ध्यानात येतं.

२०१९ च्या 'इम्पेरेटर: रोम'मध्ये हे आणखी उघड आहे. तिथे भराभर मुलूख घेतला तर तुमच्या नावावर आक्रमकतेचा आकडा चढतो, शेजारी बिथरतात, प्रजा कुरकुरते. थांबलात की तो हळूहळू उतरतो. थांबायचं असेल तेव्हा सुभेदाराला धोरण नेमून द्यायचं: स्थानिकांना आपल्या संस्कृतीत आणा, किंवा आपल्या धर्मात. एक पट्टी भरत जाते, भरली की एक गट तुमचा झाला. घाईला दंड आणि पट्टीला बक्षीस. हा खेळ करणाऱ्यांनाही संथपणा म्हणजे सभ्यपणा असंच वाटलेलं दिसतं.

हे सगळं मी बाबलला ऐकवलं तेव्हा त्यानं आधी माझ्याच गावावरून पकडलं. "फोंड्याचे देव टिकले ते वेगामुळे कुठे? दोनशे वर्षं कुणी घेतलंच नाही म्हणून टिकले. आणि १७६३ चे पोर्तुगीज १५६० चे राहिले नव्हते. थकलेले होते." हे खरं आहे. मग तो म्हापशावर आला. "आणि तुझी ती पट्टी शंभरावर गेली कुठे? मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला ये एकदा." म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, त्यात आमची आतेही असते. बार्देसच्या कोमुनिदादींत (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) ख्रिस्ती गावकऱ्यांचे वांगड, म्हणजे कुळं, अजून मोजले जातात, झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्या हिशेबानं मिळते. पाच शतकं पट्टी चालवूनही खाली काहीतरी जुनं उरलंच. खेळात असं उरत नाही. गट एकदा निळा झाला की निळा.

१९६१ चं नाव काढलं तर मात्र आम्ही भांडत नाही. ती मुक्ती, तिला मोहिमेच्या हिशेबात धरायचं नाही, असा अलिखित करार आहे. तरी बाबल डोळे मिचकावून म्हणतोच, की डिसेंबरच्या त्या दोन दिवसांइतकं भराभर आम्हा दोघांपैकी कुणीच कधी काही घेतलेलं नाही, आणि १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून आपल्या घरांत नांदतो आहे. आजीच्या घराच्या वाटण्या त्याच कायद्यानं झाल्या.

सध्याच्या मोहिमेला आम्ही एक नियम लावलाय: परक्याचं देऊळ पाडायचं नाही, आणि तिसरं बटण बंद. बाबलचा वेग पहिल्यांदा तुटला. लूट कमी, मागे शिबंदी जास्त, सिसिलीतच त्याची तिजोरी रिकामी झाली. माझं गाडं कार्थेजपाशी अडलंय. बालचं देऊळ उभं आहे, त्याची दुरुस्ती माझ्याच खर्चानं होते, आणि शहर शांत ठेवायला आत स्वस्तातले शेतकरी सैनिक कोंबून भरलेत, कारण तिथे शौर्य नाही, डोकी मोजली जातात. त्यांचा पगार शहराच्या महसुलापेक्षा जास्त आहे. बाबल म्हणतो, सोडून दे ते शहर, दादा, परवडत नाही तुला. सिसिली सांभाळ. मी दोन चाली थांबतो म्हटलं, सुगीचा पैसा येऊ दे.